पन्नास लाखांत जहाज? आधी गणित तपासा

कोरडवाहू
तालुक्याच्या गटावर परवापासून एक पोस्ट फिरते आहे. 'विक्रांत गेली, विराट गेली, आता पुढची युद्धनौका तरी वाचवू. विदर्भातल्या हजार गावांनी गावामागे ५००० काढले की झाले ५० लाख. जहाज आपलं!' खाली दोनशे अंगठे, तिरंगे आणि 'जय हिंद'ची रांग. लिहिणाऱ्याच्या भावनेवर माझं काही म्हणणं नाही. त्याच्या गणितावर आहे.

जुन्या विक्रांतएवढं विमानवाहू जहाज धरा, लांबी २१३ मीटर. पाण्याखालचा पत्रा ५००० चौरस मीटरच्या आसपास भरतो. त्याला रंग द्यायचा म्हणजे जहाज आधी सुक्या गोदीत चढवायचं, शिंपले खरवडायचे, गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मीठ धुवायचं, मग खड्याचा मारा करून पत्रा पांढरा पाडायचा आणि गंज परत धरायच्या आत पहिला हात मारायचा. त्यातही पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर पाहिजे, नाहीतर रंगाखाली दव अडकतं आणि सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात. सुकल्यावर थर ३०० मायक्रॉनचा हवा. वाया जाणारा धरून एका लिटरमध्ये जेमतेम दीड चौरस मीटर होतो. म्हणजे ३३०० लिटर, २० लिटरचे १६५ डबे. सगळं मिळून चौरस मीटरला १२०० रुपये धरले, आणि हे मी हात राखून धरलेत, तरी ६० लाख. गोदीचं भाडं वेगळं. ओढून नेणाऱ्या टगबोटी वेगळ्या. तुमचे ५० लाख पाण्याच्या रेषेवरसुद्धा आले नाहीत, तिरंगा कुठे लावता?

आता जस्त. रंग कितीही चांगला असो, कुठेतरी खरवडतोच. म्हणून बुडाला जस्ताच्या वड्या ठोकतात. लोखंडाऐवजी जस्त झिजतं. झिजताना ते पत्र्याला बारीक वीजप्रवाह पुरवतं. रंगवलेल्या बुडाला चौरस मीटरमागे असा २० मिलिअँपिअर प्रवाह धरला तर ५००० चौरस मीटरला १०० अँपिअर. अँपिअरमागे वर्षाला ११ किलो जस्त जातं. म्हणजे वर्षाला ११०० किलो. किलोला ३५० धरा, पावणेचार लाखांच्या वर. दरवर्षी.

आणि ज्याचा कुणी विचारच करत नाही ते पाणी. पाण्याच्या रेषेखाली ३ मीटरवर ५० मिलिमीटरचं एक भोक पडलं, आपल्या दोन इंची पाइपाएवढं, तर सेकंदाला ९ लिटर पाणी आत येतं. तासाला ३२ टन. ५ एचपीची मोटर अखंड चालली तर बरोबरी होईल. दिवसाआड रात्री येणाऱ्या कृषी पंपाच्या विजेवर चालवून बघा.

विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, धोकादायक म्हणून बंद केली आणि २०१४ मध्ये साधारण ६० कोटींना लिलावात गेली. मुंबईतल्याच दारूखाना इथल्या जहाजतोडणीत तुटली. विराटसाठी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीच्या समुद्रात संग्रहालय करायला ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला होता. २०२० मध्ये ती ३८.५४ कोटींना गुजरातेत अलंगला, तुटायला गेली. भंगाराच्या भावातसुद्धा तुमच्या वर्गणीच्या ७७ पट.

जहाज एकदा वाचवून भागत नाही. ते रोज वाचवावं लागतं. ज्या गावाला पाण्याच्या टाकीचा वाल्व बदलायला वर्ष लागतं त्याने हे डोक्यावर घेऊ नये.

मास्तर_पुसद
शेवटचं वाक्य अनावश्यक होतं. बाकी आकडेमोड छान.

पण 'वर्गणीतून जहाज वाचत नाही' हे साफ खोटं आहे. अमेरिकेची नॉर्थ कॅरोलिना ही युद्धनौका १९५८ मध्ये भंगारात निघाली होती. त्या राज्यातल्या जवळपास ७ लाख शाळकरी मुलांनी नाणी जमवली, एकूण सुमारे ३ लाख ३० हजार डॉलर उभे राहिले आणि १९६१ मध्ये जहाज विल्मिंग्टनला येऊन लागलं. आजही आहे. त्या नाण्यांना तुमच्यासारखा हिशेबनीस भेटला असता तर ती गल्ल्यातच राहिली असती.

कोरडवाहू
सर, उदाहरण अर्धंच सांगितलंत. मुलांच्या नाण्यांनी जहाज आणलं. बूड नाही राखलं. पाण्याच्या रेषेवरचा पत्रा, जिथे लाट लागते आणि वाळते, तिथे गंज सगळ्यात वाईट. वर्षाला ०.३ मिलिमीटर धरा. १० मिलिमीटरचा पत्रा ३० वर्षांत चाळणी. शेवटी नॉर्थ कॅरोलिनाभोवती नदीत पोलादी बांध घालावा लागला, आतलं पाणी उपसून पत्रे बदलता यावेत म्हणून. तो बांध २०१८ च्या सुमारास पुरा झाला. त्याचे पैसे शाळकरी मुलांच्या नाण्यांतून नाही आले.

टेक्सासचं तर विचारूच नका. १९१४ ची नौका, १९४८ पासून संग्रहालय. गळती इतकी की पंप थांबवायची सोय नव्हती. २०२२ मध्ये गॅल्व्हस्टनच्या गोदीत नेली, राज्याने साडेतीन कोटी डॉलर दिल्यावर. डॉलर.

भरती_ओहोटी (मूळ मालवण, सध्या चंद्रपूर)
कोरडवाहू, तुमचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे, की जहाज पाण्यातच ठेवायचं. कोण म्हणालं ठेवायचं?

जपानची मिकासा १९२६ पासून योकोसुकाला काँक्रीटमध्ये बसवलेली आहे. महायुद्धानंतर तिच्या तोफा-बिफा उचलून डेकवर नाचघर आणि मत्स्यालय केलं होतं. तरी बूड टिकलं, कारण ते तरंगत नव्हतं. १९६१ मध्ये पुन्हा नीट उभी केली. आपली कुरसुरा ही पाणबुडी, ९१ मीटरची, २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर पायावर बसवली आहे. कारवारला चपळ ही क्षेपणास्त्र नौका वाळूवर आहे. दीवला खुकरी ही युद्धनौका. या सगळ्यांना टगबोट लागत नाही, जस्त लागत नाही, रात्री बुडण्याची भीती नाही.

कोरडवाहू
आणि गंज लागत नाही?

भरती_ओहोटी
लागतो. लागणारच, समुद्र समोर आहे. कुरसुराच्या बाहेरच्या बाजूला नवे पत्रे घालावे लागले. पण ते काम शिडी लावून होतं, गोदी भाड्याने घ्यावी लागत नाही. हा फरक तुम्हाला कळत नसेल तर ते पावणेचार लाखांचं जस्त तुम्हालाच लावावं लागेल.

जमिनीवरच्या जहाजाला खरा धोका दुसराच असतो. तरंगताना पाणी बुडाला सगळीकडून उचलून धरतं, भार पसरलेला असतो. जमिनीवर तोच भार चार-सहा ठिकाणी येतो. आधार चौकटीच्या खाली, म्हणजे आतल्या आडव्या फासळीच्या नेमका खाली पाहिजे. दोन फासळ्यांच्या मध्ये ठोकळा लावलात तर पत्रा आत दबतो, वेल्ड तडकतं आणि त्या तड्यातून पावसाचं पाणी आत. आणि चपळसारख्या बोटीत बूड पोलादाचं, वरचं घर ॲल्युमिनियमचं. दोन धातू जिथे बोल्टने जोडले तिथे दोघांना वेगळं ठेवणारा मधला बुशिंगचा थर गेला की ॲल्युमिनियम पिठासारखं झडतं. बाहेरून रंग चकचकीत, आत पांढरी भुकटी.

वऱ्हाडी_वेल्डर
दोघंही भांडून राह्यले, पण एक साधी गोठ कोणाच्या डोक्यात नाई आली. लोखंड गंजते काहून? हवेत ओल असते म्हणून. साठ टक्क्यांच्या वर ओल गेली का गंज धावते. आता अकोल्याचा मे महिना पाहा. दुपारी पंधरा-वीस टक्के. थे अमेरिकावाले विमानं वाळवंटात नेऊन ठेवतात ना ॲरिझोनात, काहून ठेवतात? आमच्याकडे तर वाळवंटाच्या बापाचं ऊन हाये. जहाज इकडे आणा. आठ महिने फुकटात वाळवून देतो.

गोसेखुर्द_बॅकवॉटर
मग गोसेखुर्दमध्येच सोडा की. पाणी गोडं, गंज कमी, आणि पर्यटन.

कोरडवाहू
विक्रांतची रुंदी डेकवर ३९ मीटर होती. समृद्धीवरून आणणार का वैनगंगेतून?

आणि गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, त्याला वीज वाहून न्यायला खारट पाणी लागतं. गोड्यात मॅग्नेशियम लावतात आणि ते भराभर संपतं. शिवाय धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं. जहाज गाळावर टेकेल, वाकडं होईल, पावसाळ्यात चिखलाने धरून ठेवेल. असो.

वेल्डर भाऊ, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. समुद्रातून आलेल्या पत्र्यात मीठ शिरलेलं असतं, गंजाच्या थरांच्या आत. ते मीठ चाळीस टक्के ओलीतही हवेतलं पाणी ओढून घेतं. आधी ते धुतल्याशिवाय अकोल्याचं ऊन काही करणार नाही. आणि उरलेले चार महिने? ७०० मिलिमीटर पाऊस उघड्या डेकवर.

वऱ्हाडी_वेल्डर
मंग छप्पर टाका. जिनिंगच्या शेडसारखं. भल्लं मोठं काम नाई थे. छप्पर आणि खालून निचरा, दोन गोष्टी केल्या का लोखंड आपल्या नातवाले दिसते. पण डेक जर लाकडाचा असन तर मंग गडबड हाये. लाकडाखाली पाणी बसते.

आलापल्ली_गाभा
लाकडाचं नाव निघालं म्हणून बोलतो. लाकडाला दोष देऊ नका. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली त्रिंकोमाली ही नौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. २०० वर्षं झाली. पूर्ण सागवानाची. इंग्रजांनी आपल्याकडे जहाजं बांधून घेतली, कारण त्यांचा ओक संपत आला होता. आणि ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, खिळ्याला उलट जपतं. कोरडवाहूंच्या पोलादाला ३० वर्षांत चाळणी होते म्हणे. सागाला नाही होत.

भरती_ओहोटी
तो साग मलबारचा होता, आलापल्लीचा नाही.

आलापल्ली_गाभा
मी आलापल्लीचा म्हटलंच नाही. वाचून बोला. पण आता तुम्हीच काढलंत तर सांगतो, अयोध्येच्या राममंदिराला बल्लारपूरहून साग गेला, नव्या संसदेला नागपूरचा साग लागला. जहाजाला चालत नाही म्हणायला तुमच्याकडे कारण काय?

भरती_ओहोटी
दारं-चौकटी आणि डेक यांत फरक आहे, दादा. डेकची फळी अरीय कापाची लागते, म्हणजे वर्षाची वलयं उभी दिसली पाहिजेत. सरळ आडवा काप मारला तर फळी कडेने वर उचलते. पायाला लागते आणि खाली पाणी जातं.

आलापल्ली_गाभा
मला फळी शिकवू नका. ऐका आता.

२०० मीटरच्या जुन्या नौकेचा लाकडी डेक, मधली बांधकामं वजा जाता, ३००० चौरस मीटर धरा. ५ सेंटिमीटर जाडी. कापलेलं लाकूड १५० घनमीटर. उभ्या वलयाचा काप मारायचा, पांढरा भाग काढून टाकायचा (त्याला वाळवी लागते, गाभ्याला नाही), मग ओंडक्यातून ४५ टक्क्यांच्या वर निघत नाही. म्हणजे ३३३ घनमीटर ओंडके. १२० सेंटिमीटर गोलाईचा, म्हणजे घेराचा, ३ मीटरचा नग वनखात्याच्या लाकूड डेपोत ०.२७ घनमीटर मोजतात. सव्वाबाराशे नग झाले. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन, टोकांना मेण किंवा रंग लावून वर्षभर वाळवायच्या. टोकं उघडी ठेवली तर तिथूनच चिरतात. बसवताना फटीत आधी कापूस ठासायचा, वरून ताग, मग डांबर. कापूस विदर्भाचाच घ्या.

कोरडवाहू
०.२७ हा आकडा चुकीचा आहे. १२० गोलाई, ३ मीटर म्हणजे खरं घनफळ ०.३४४ येतं.

आलापल्ली_गाभा
खरं घनफळ तुमच्या पुस्तकात. डेपोत गोलाईचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात, गुणिले लांबी. ०.३ चा वर्ग ०.०९, गुणिले ३. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे.

वऱ्हाडी_वेल्डर
म्हणजे शंभरातले साडेएकवीस डेपोवाले मोजतच नाई. कोणाच्या खिशात जातात?

आलापल्ली_गाभा
घेणाऱ्याच्या! कमी मोजलं तर कमी पैसे लागतात, एवढंही कळत नाही? साल आणि पांढरा भाग जातो म्हणूनच ते सोडलेलं आहे. डेपोला चोर म्हणायच्या आधी विचार करत जा.

बांधावरचा_साग
घेणाऱ्याच्या म्हणे. आणि विकणारा शेतकरी असेल तर? स्वतःच्या बांधावर स्वतः लावलेला साग तोडायला अर्ज, सातबारा, पंचनामा, झाडावर नंबर, तोडल्यावर नगावर हातोड्याचा शिक्का, मग वाहतूक पास. पास मिळेपर्यंत पाऊस लागतो, ओंडका बांधावर चिरतो आणि व्यापारी म्हणतो 'याला चीर आहे, भाव निम्मा'. गोलाईचा चौथा भाग त्याच्यावरच लागतो. माझ्या मालावर कमी मोजणं म्हणजे मलाच लुटणं. जहाजाला सव्वाबाराशे नग पाहिजेत तर बांधावरच्या सागाचा पास आठ दिवसांत द्या, लोक स्वतःच्या बैलगाडीने आणून देतील.

आलापल्ली_गाभा
परवानगीची अट नसती तर एका हंगामात गडचिरोली ते मेळघाट एकही साग उरला नसता. चोरीचा माल बांधावरचा म्हणूनच विकतात.

बांधावरचा_साग
म्हणजे शेतकरी चोर. बरं झालं तोंडातून आलं.

आलापल्ली_गाभा
शेतकऱ्याला कोण म्हणतं? शिक्का कशाला असतो ते सांगितलं. शिक्का नसेल तर चोरीचा ओंडका आणि तुमचा ओंडका वेगळा कसा ओळखायचा, सांगा.

बांधावरचा_साग
सातबाऱ्यावर झाडांची नोंद असते. ती बघा. तलाठ्याकडे जायला तुम्हाला वेळ नाही म्हणून मी पावसात ओंडका का ठेवू?

मास्तर_पुसद
सातबाऱ्यावर नोंद असते की असायला हवी? निम्म्या ठिकाणी ती झाडं लावल्यानंतर केलेलीच नसते.

बांधावरचा_साग
ती पण माझीच चूक, सर?

भरती_ओहोटी
माफ करा, मध्येच बोलतो. विक्रांतच्या धावपट्टीवर साग नव्हताच. पोलादी पत्रा होता. तुम्ही दोघे नसलेल्या डेकसाठी पंधरा मिनिटं भांडत आहात.

आलापल्ली_गाभा
विक्रांतबद्दल कोण बोलतंय? पोस्टमध्ये 'पुढची नौका' लिहिलंय.

भरती_ओहोटी
पुढच्या नौकेवर तर लाकूड अजिबातच नसेल. आणि लाकडी डेकचं काय होतं तेही ऐका. टेक्सासचा मूळ डेक कुजला तेव्हा १९६८ मध्ये लाकूड काढून वर काँक्रीट ओतलं. स्वस्त पडलं. काँक्रीटला तडे गेले, पाऊस थेट आतल्या खोल्यांत. वीस वर्षांनी ते फोडून पाइनच्या फळ्या घातल्या. पोलादी डेकवर फळी बसवली की प्रत्येक बोल्ट म्हणजे खाली जाणारं एक भोक. फटीतलं डांबर उन्हाने आखडलं की पाणी फळीखाली जातं आणि वाळत नाही. वरून सुंदर सागवान, खालचा पत्रा पापडासारखा. वेल्डर म्हणाले तेच.

वऱ्हाडी_वेल्डर
पाहा, शेवटी माह्यावरच आले.

शकुंतला_७६२
इतका वेळ गप्प होतो. समुद्र इथून साडेसहाशे-सातशे किलोमीटर. त्याच्यातल्या जहाजाला विदर्भाने वर्गणी काढायची, आणि यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतला या छोट्या रेल्वेच्या रुळावर बाभळी उगवल्यात त्याचं काय? मँचेस्टरचं १९२१ चं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत त्या ७६२ मिलिमीटरच्या रुळावर धावत होतं. लोखंडच वाचवायचं आहे ना? ते घरात पडलंय. स्लीपर कुजले, खडी मातीत गेली, रुळांचे जोड निघाले. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट चोरीला जाणं ही सुरुवात असते, पुढे रूळच जातो.

मास्तर_पुसद
शकुंतलेचा प्रश्न योग्य आहे, जागा चुकली.

शकुंतला_७६२
विदर्भात योग्य प्रश्नाची जागा नेहमीच चुकते, सर.

भंगारयार्ड
सगळ्यांचं वाचलं. कुणी ॲस्बेस्टॉसचं नाव घेतलं नाही. जुन्या युद्धनौकेत बॉयलरच्या आणि वाफेच्या पाइपांवर ते गुंडाळलेलं असतं, शिवाय भिंतींच्या पत्र्यात. केबलच्या आवरणात, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विषारी रसायनं. रंगात शिसं. २००६ मध्ये क्लेमान्सो हे फ्रेंच विमानवाहू जहाज अलंगच्या वाटेवरून परत बोलवावं लागलं ते ॲस्बेस्टॉसवरूनच. छप्पर टाकून शाळेच्या सहली आत पाठवायच्या आधी हे काढावं लागतं. ओलं करून, प्लास्टिकच्या तंबूत, आतली हवा बाहेर खेचणाऱ्या गाळणीच्या पंख्याने, मुखवटा घालून. सुकं फोडलं तर धूळ फुप्फुसात बसते आणि वीस-तीस वर्षांनी कळतं. पाइप कापणारा पोऱ्या तोंडाला रुमाल बांधतो, त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट. आत पाणी शिरलं की नुसतं वजन वाढत नाही. अर्धा भरलेला टँकर वळणावर का उलटतो? पाणी एका बाजूला धावतं म्हणून. जहाजाचंही तेच. न्यूयॉर्क राज्यात बफेलोला द सलिव्हन्स ही विनाशिका संग्रहालय म्हणून बांधलेली होती. गळती माहीत होती, देणग्या गोळा झाल्या होत्या, दुरुस्तीही सुरू झालेली होती. तरी एप्रिल २०२२ मध्ये एका रात्रीत एका अंगावर कलून अर्धी पाण्यात गेली. म्हणून कोरडवाहूंचं रोजच्या पाण्याबद्दलचं म्हणणं मला पटतं. भाषा नाही पटत.

जमेल तेवढं करायचं असेल तर अख्खं जहाज सोडा. तुटताना काही भाग सुटे मिळतात. नांगर ओतीव पोलादाचा असतो, जाडी इतकी की वरच्या गंजाने काही होत नाही. साखळीची एक-एक कडी मांडीएवढी. जहाज ढकलणारा पंखा काशाच्या जातीचा, गंजतच नाही, पण तो तांब्याच्या भावाने मोजतात म्हणून लिलावात सगळ्यात आधी उचलला जातो. मोठ्या जहाजाचा नांगर ५-६ टनांचा, ट्रेलरवर बसतो. विक्रांतचं काय झालं? लोखंड वितळून २०१६ मध्ये मोटरसायकलच्या टाकीत गेलं. त्यापेक्षा पाच ठिकाणी पाच नांगर बरे.

कोरडवाहू
चला, ५० लाखांतून नांगर येईल एवढं मान्य. नांगराला जस्त लागत नाही, पंप लागत नाही, ॲस्बेस्टॉस नाही. हजार गावांनी वर्गणी काढून तुकडाच आणायचा असेल तर पोस्टमध्ये 'जहाज आपलं' ऐवजी 'नांगर आपला' लिहा. दोनशेपैकी किती अंगठे उरतात पाहू.

मास्तर_पुसद
ही कबुली होती की टोमणा?

कोरडवाहू
दोन्ही. आणि मास्तर, वाल्वचं वाक्य मागे घेतो. वाल्व बदलला गेल्या महिन्यात.

वऱ्हाडी_वेल्डर
नांगर येईन तेव्हा येईन. तुमच्या तालुक्याच्या चौकात टी-५५ रणगाडा उभा हाये ना? त्याले कोण पाहून राह्यलं? दर २५ जानेवारीले गंजावरूनच ऑइल पेंटचा हात. छत्तीस टनाची वस्तू, वरच्या झाकणाचं रबर सडलं असन, पाऊस आत. पोटाले निचऱ्याची बुचं असतात, पण चौथरा बांधताना पोटाखाली विटा-सिमेंट भरलं का बुचं बुजतात. मंग आत डबकं. जहाजाची बात करता, रणगाड्यात जहाजाएवढं पाणी असन.

कोरडवाहू
पोटाखाली वीटकाम आहे. दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये, पूर्ण.

वऱ्हाडी_वेल्डर
मंग आधी वीट काढा. छिन्नीनं, घणानं नाई. खाली हात जाईन एवढी जागा झाली का बुचाले डिझेल मारा, रात्रभर राहू द्या, मंग पाना लावून लांब पाइपानं उघडा. ग्राइंडर नाई, गॅस कटर तर बिलकुल नाई, ठिणगी उडते. आत टाकीत जुन्या डिझेलची वाफ असू शकते, आणि रंगात शिसं. बूच निघाल्यावर परत लावू नका, बारीक जाळी ठोका, नाईतर साप आणि गांधीलमाशा घर करतात.

भंगारयार्ड
बूच उघडताना खाली तोंड ठेवून झोपू नका. पाणी दाबाने येतं आणि त्यात तेल असतं. बाजूने.

बांधावरचा_साग
वीट काढायला नगरपंचायतीचा पास लागेल का?

कोरडवाहू
अर्ज देतो. रविवारी सकाळी ७ ला, ऊन चढायच्या आत. लांब पाइपाचा पाना वेल्डर भाऊ तुमच्याकडून. सर, तुम्ही बादल्या मोजा. पाणी किती निघालं ते इथेच लिहितो.